उपाशी नमुना

दत्तूनाना लॅबच्या पायरीवर चप्पल काढतात आणि आत न बघताच आवाज देतात, "नमुना आला रे." सकाळचे सात वाजलेले असतात. मी नळ्यांवर नावाच्या चिठ्ठ्या चिकटवत असतो आणि बाकावरचे पेशंट एकमेकांकडे बघून हसतात. आपल्याकडे कसल्या माणसाला 'नमुना' म्हणतात हे नानांना माहीत नाही असं नाही. चांगलं माहीत आहे, म्हणूनच म्हणतात.

जन्मभर त्यांनी नमुनेच तपासले. एमआयडीसीतल्या एका बियाणं कंपनीत ते उगवण बघायला होते. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, कागद गुंडाळून ठेवायचा आणि आठवड्यानं उघडून किती उगवले ते लिहायचं. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, तरी माणूस दिसेल त्याची उगवण काढतो. आमच्या मस्तगड भागातल्या एका लग्नात मंडप अर्धा रिकामा राहिला, तर हे पंगतीत बसून मोठ्यानं म्हणाले, "उगवण पन्नास टक्के. बी जुनं निघालं." नवरदेवाच्या मामानं जिलेबीचं ताट यांच्यासमोरून तसंच पुढं नेलं.

"तुमचं-आमचं काम एकच हाये बाबू," ते मला सांगतात. "आम्ही दाणा बघायचो, तू रगत बघून राह्यला. पण आमचा दाणा वरडत नव्हता."

हे वरडणारे अर्थात ते स्वतःच. सुई टोचायच्या आधीच हाय-हाय सुरू.

नानांना गाऊट आहे. उजव्या पायाचा अंगठा असा धरतो की चादरीचा काठ टेकला तरी शिव्या देतात. युरिक ऍसिड सातच्या वर जातं, आणि त्याच्याबरोबर रक्तातली चरबीही, ती ट्रायग्लिसराईड म्हणतात ती. आमच्या लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना समजावून सांगितलं की ही दोन्ही पुष्कळदा जोडीनंच वाढतात. नानांनी मान डोलावली. "म्हंजे साडू हायेत. एक मुक्कामाला आला का दुसरा पिशवी घेऊन मागून आलाच." तेव्हापासून रिपोर्ट हातात घेतला की पहिला प्रश्न हाच, थोरला साडू किती अन् धाकटा किती.

आता चरबी तपासायची म्हणजे माणूस दहा-बारा तास उपाशी पाहिजे. म्हणून मी प्रत्येकाला विचारतो, रात्री किती वाजता जेवलात? मी विचारतो वेळ. नाना सांगतात जेवण.

"साडेआठला बसलो. येसराची आमटी, बाजरीची भाकर. आमटीला लसूण जरा जास्तीच पडल्ता, पर ठीक हाये. वरून तव्यावर ठेचा परतलेला." बाकावर दहा-पंधरा माणसं रात्रीपासून उपाशी बसलेली असतात. त्यांचे चेहरे बघवत नाहीत. एकदा एक आजीबाई मला म्हणाल्या, "लेकरा, ह्यांचं रगत आधी घे अन् ह्यांला घालव."

बाईंनी मटण बंद केलं. पुढच्या महिन्यात नाना सांगतात, "मटण. रस्सा पातळ व्हता, पर मसाला बराबर भाजलेला." बाईंनी डाळी कमी करायला सांगितल्या, तर हे हुलग्याचे शेंगोळे सांगतात. एका एकादशीनंतर तर कमाल झाली. म्हणाले, साबुदाण्याची खिचडी खाल्ली, आणि मागून खिमा.

"नाना, एकादशीला खिमा?"

"पोटाला काय पंचांग कळतं का?"

बाईंनी कपाळाला हात लावला. बीपी बघताना त्यांनी विचारलं, जेवणात मीठ किती असतं. फोडणीत जिरं होतं की मोहरी हे सांगणारा माणूस तिथं मात्र अडला. "मिठाचं न्हाई बा सांगता येत," एवढंच म्हणाले आणि बाही खाली करत बसले. मला तेव्हा हसू आलं होतं.

काकू, म्हणजे नानांची बायको, जाऊन दोन वर्षं झाली. नाना एकटेच राहतात, आमच्या समोरच्या घरात. लेक वंदनाताई पुण्याला. काकू गेल्या तेव्हाच ती त्यांना न्यायला निघाली होती, पण नाना म्हणाले, मी मजेत खातोपितो, मला काय धाड भरली. ती म्हणाली, ठीक आहे, नीट जेवाल आणि तब्येत सांभाळाल तोवर जालन्यात राहा. पुण्याचं नाव काढलं की नाना माझ्याकडे येऊन बसतात. "म्या आठ दिवस राह्यलो तिथं. समदे दारं लावून बसतेत. कोणाच्या घरी काय शिजलं ते बी कळत न्हाई." शेजाऱ्यांच्या चुलीत नाक खुपसायची हौस काही जात नाही यांची, असं मी मनात म्हणायचो.

यंदा उन्हाळ्यात अंगठा पुन्हा धरला. चार दिवस नाना खाटेवर. दूधवाल्याला दार उघडायला रांगत गेले, ते कुणीतरी ताईंना कळवलं. तिनं फोनवर सांगून टाकलं, पुढचा रिपोर्ट सातच्या वर आला तर गाडी घेऊन येते, घराला कुलूप लावू. नाना पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "बाबू, नमुना बराबर घे," म्हणाले. जणू माझ्या हातात होतं.

त्या तपासणीच्या सकाळी मी नेहमीप्रमाणे दंडाला रबर बांधलं आणि वेळ विचारली.

"साडेआठ. मेथीचं गरगटं आन भाकर. गरगटं बुडाला लागल्तं जरा."

मी सुई हातात धरून तसाच थांबलो. आदल्या रात्री आमच्याकडे मेथीचं गरगटं होतं. अनिता, माझी बायको, वाटूरच्या बहिणीशी फोनवर बोलत राहिली आणि ते खाली लागलं. ते पातेलं सकाळी निघताना मी मोरीत भिजत पडलेलं बघितलं होतं.

मग सुई टोचली. रक्त घेतलं, कापूस दाबला. पण दिवसभर डोक्यातून ते जाईना. लसूण जास्त पडलेली येसराची आमटी आमची होती. एकादशीची खिचडी आमची, आणि खिमा शेजारच्या रफिकभाईंकडचा. ते मटणही त्यांचंच. संध्याकाळी आठला मी खिडकीतून बघितलं. नाना ओट्यावर बसले होते, तोंड आमच्या खिडकीकडे. हातात चहाचा कप, मांडीवर ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा. चहात बुडवायचे, खायचे आणि मध्येच मान वर करून वास ओढून घ्यायचे. पुडा संपला, कप विसळला, आत गेले. त्यांच्या घरात गॅस पेटलाच नाही. मला फार वाईट वाटलं, आणि स्वतःचा रागही आला. रोज लोकांना उपाशी आहात ना विचारणारा मी, दोन वर्षं समोरचा माणूस उपाशी होता आणि मी त्याला खादाड म्हणत होतो.

बाईंना विचारलं, कमी खाल्ल्यानं युरिक ऍसिड वाढतं का? त्या म्हणाल्या, लांब लांब उपास पडले तर वाढतं. आणि नुसता गोड चहा, बिस्किटं यांच्यावर राहिला तर चरबीही वाढते. "पण त्यांचं तर खाणंच जास्त आहे ना?" मी म्हटलं, नाही हो बाई.

रिपोर्ट सातच्या वर आला. ताईंचा मलाच फोन. "दादा, खरं सांगा, बाबा एवढं काय खातात?"

खरं सांगितलं असतं तर ती त्याच दिवशी निघाली असती. पोटच्या पोरीला कळू नये म्हणून तर त्यांनी ही सगळी जेवणं रचली होती. आणि खोटं बोलायला माझी जीभ उचलेना. मी म्हटलं, "ताई, एक महिना द्या मला. त्यांच्या जेवणाचं मी बघतो. तरी आकडा खाली आला नाही, तर मीच सामान बांधून देतो." तिनं तारीख विचारून घेतली. मग बरं म्हणाली.

आता नानांना सांगायचं कसं? ताट नेऊन दिलं असतं तर त्यांनी दार लावून घेतलं असतं. संध्याकाळी ओट्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"नाना, नियम बदललाय. उपाशी नमुना पाहिजे आसंल तर माणूस आधी जेवलेला पाहिजे. तो बी आमच्यासमोर. महिनाभर."

"कोणाचा नियम?"

"बाईंचा."

"कोण्या बाईंचा?"

"घरच्या."

नानांनी बिस्किटाच्या पुड्याचं तोंड दुमडलं, पुन्हा उघडलं, पुन्हा दुमडलं. माझ्याकडे बघेनात.

"काय केलंय आज?" शेवटी विचारलं.

"तुम्हीच सांगा."

त्यांनी आमच्या खिडकीकडे तोंड केलं. मग अगदी हळू म्हणाले, "वरणफळं. वरून तुपाची धार." आणि पायात चप्पल सरकवून माझ्या मागं आले. त्या दिवशी आमच्याकडे खाली मान घालून जेवले. अनितानं वाढत राहावं आणि त्यांनी नको म्हणावं, आणि ताटात तर काही उरत नाही, असं चाललं होतं. पुढं पुढं सवय झाली. आठ वाजता दारात आवाज यायचा, "नियमाचा टाइम झाला."

महिन्यानं रिपोर्ट सातच्या आत आला. धाकटा साडूही बराच खाली उतरला, आणि ताईंनी पुण्याहून गाडी काढली नाही. पण ते सगळं दुपारनंतरचं. मला सांगायचंय त्या सकाळचं.

पायरीवर चप्पल निघाली, नमुना आला, दंडाला रबर बांधलं. बाकावरचे जुने पेशंट सावरून बसले, आता जेवणाचं आख्यान लागणार म्हणून.

"किती वाजता जेवलात नाना?"

"साडेआठ."

पुढं काहीच नाही. मी सुई टोचली, हाय-हाय पण नाही. माझ्याच्यानं राहवेना. काय जेवले ते मला माहीत होतं, समोरच तर बसलो होतो. तरी विचारलं, "काय होतं?"

नानांनी कापूस दाबून धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.

"मीठ बराबर व्हतं," ते म्हणाले.