तिकिटाचं हसू

आमच्या काकांचं हसणं सरकारजमा झालं. अधिकृतपणे असं काहीही घडलेलं नाही, त्यामुळे आपणही ते घडलं नाही असंच धरून चालू.

काका सरकारी कचेरीत चौकशी खिडकीवर बसत. आमच्या जमातीत हसायचं म्हणजे तोंड पूर्ण उघडून, शेजाऱ्याच्या मांडीवर थाप मारून. बाकीच्या बहुसंख्य समाजात ओठ मिटून, नाकातून हवा सोडून हसतात. एके दिवशी साहेबांनी काकांना बोलावलं.

"तुमच्या हसण्यामुळे नागरिकांना वाटतं की काम होणार. आम्हाला ते आवडतं हो, पण घरी."

"घरी हसलं तर चालेल ना?"

"भिंती पातळ असतात."

काकांना प्रशिक्षणाला पाठवलं. ओठांत टपालाचं तिकीट धरून विनोद ऐकायचे. तिकीट पडलं की नापास. काका घरीही सराव करू लागले. मग काकूही. रात्री जेवण झालं की सगळं घर तिकीट धरून बसायचं. काका प्रथम श्रेणीत पास झाले, त्यांना बढती मिळाली.

फक्त आत्याची पंचाईत झाली. आईमागे तिनेच काकांना वाढवलं. आता तिला डोळ्यांनी दिसत नाही, आणि काका आले हे ती फक्त हसण्यावरूनच ओळखायची. "धाकटा हल्ली घरी येत नाही का गं?" असं ती काकूला विचारायची, तेव्हा काका समोरच बसलेले असायचे.

पुढच्या वर्षी वरून आदेश आला: विविधता सप्ताह साजरा करावा. अस्सल हसण्याचं प्रात्यक्षिक आवश्यक. भित्तिपत्रकावर काकांचा फोटो लागला. काकांना वाटलं, चला, आत्याला एकदा ऐकवू. रंगीत तालमीत ते उभे राहिले, तोंड उघडलं, आणि नाकातून हवा सोडली.

"अस्सलपणात हयगय," साहेबांनी शेरा मारला. मग साहेबांच्या मेहुण्यांना घेतलं. त्यांनी आमच्या हसण्याची तीन आठवड्यांची कार्यशाळा केली होती, आणि मांडीवर थाप तर अशी मारायचे की पाहत राहावं.

कार्यक्रमाला काका आत्याला घेऊन पहिल्या रांगेत बसले. मेहुणे हसले. आत्या चाचपडत उठली, आवाजाच्या दिशेने गेली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "किती दिवसांनी रे, बाळा."

काका धावत तिच्याजवळ गेले. "ताई, मी इथे आहे," असं म्हणून त्यांनी जिवाच्या आकांताने हसायचा प्रयत्न केला.

आत्या मेहुण्यांना म्हणाली, "तुझ्या या साहेबांना सर्दी झालीय. त्यांना रुमाल दे."

सबब विनंती की, काकांचं मूळ हसणं आहे त्या स्थितीत परत करावं. तशी तरतूद नसल्यास मेहुण्यांना दर रविवारी आत्याकडे पाठवावं. आणि हे वाचताना ज्यांना नाकातूनच हसू आलं, त्या वाचकांचं मूळ हसणं कोणत्या खात्यात जमा आहे, याची माहिती त्यांना विनाविलंब द्यावी.