झोपाळा पुढच्या योजनेत

आमच्या शेजारच्या घरात पंचवार्षिक योजना अजून चालू आहेत. दिल्लीनं त्या केव्हाच गुंडाळल्या, भालेराव सरांनी नाही. सरांनी जन्मभर फुलंब्रीच्या कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं. स्वातंत्र्यानंतर देश जसा ठरवून उभा राहिला तसंच घरही उभं राहावं, असं त्यांचं ठाम मत.

पहिल्या योजनेत शेती आणि पाणी. म्हणजे गच्चीवर कढीपत्ता अन् अंगणात हौद. आमच्याकडं नळ कधी येईल याचा नेम नाही, तेव्हा हौद हवाच होता. पण सरांनी त्याला धरण म्हटलं आणि नारळ फोडायला मला बोलावलं. पुढं सरांच्या पत्नी शांताकाकू त्याच्या झाकणावर पापड वाळवायला लागल्या, तर सर आणखीच खूश. "बघा, बहुउद्देशीय प्रकल्प!"

दुसऱ्या योजनेत अवजड उद्योग, म्हणजे घरगुती पिठाची गिरणी. ती जिन्यावरून चढवताना माझी कंबर धरली आणि सर वरून ओरडत होते, "जपून! पायाभूत उद्योग हाय तो!"

काकूंना मात्र लग्नापासून एकच हवं होतं, ओसरीत झोपाळा.

"उपभोग्य वस्तू," सर म्हणायचे. "पुढच्या योजनेत बघू."

योजना येत गेल्या, झोपाळा पुढं जात राहिला. काकू हसून मला सांगायच्या, "ह्यांचं सरकार कधी पडतच नाय बघा. विरोधी पक्षात मी एकटीच."

गेल्या उन्हाळ्यात काकूंच्या छातीत दुखलं. दवाखान्याच्या बाकावर सर बसून होते. मी चहा पुढं केला तेव्हा एवढंच म्हणाले, "लई पुढं ढकललं हो मी." माझेच डोळे भरून आले.

काकू सुखरूप घरी आल्या, तर ओसरीत सागवानी झोपाळा, पितळी कड्यांचा.

"अहो, हा तर पुढच्या योजनेत होता नं?"

"योजनेला सुट्टी दिली. युद्ध अन् दुष्काळ आला तवा देशानं बी दिली होती."

काकू हळूच बसल्या. "मग आता पुढची पाच वर्षं?"

सरांनी एक झोका दिला. "पाच वर्षांचं नाय बोलायचं आता. उद्याच्या चहाची योजना करू. तो मी करीन."

काकूंनी बाजूला सरकून जागा केली.

"या, बसा. विरोधी पक्षाचा पाठिंबा हाय."