बोरकुटे साहेबांची सत्ताविसावी अट

माझ्या मुलीच्या बारशाला बोरकुटे साहेब आले ते थेट भिंतीकडे गेले. बायका पाळण्याभोवती जमलेल्या, आणि हा माणूस खिशातून पितळेचा ओळंबा काढून, एक डोळा मिटून, हॉलच्या कोपऱ्यात उभा. दोरी हलायची थांबेपर्यंत त्यांनी कोणाला बोलू दिलं नाही. मग म्हणाले, "बाई, भिंत तुमची वरून झुकून राह्यली. बाकी पोरगी गोड हाय." पोरीकडे त्यांनी अजून पाहिलंही नव्हतं.

बोरकुटे साहेब आमच्या आरमोरीच्या बांधकाम कार्यालयात शाखा अभियंता, आणि मी त्यांच्या निविदा टाइप करणारी लिपिक. माणूस एकटा. लग्न केलेलं नाही, डबा खानावळीचा. लोकांच्या खिशात पेन असतो, यांच्या खिशात ओळंबा. पाव किलोचं ते वजन वागवून वागवून त्यांचे सगळे शर्ट डाव्या बाजूला लोंबायचे. बँकेत गेले तर बँकेची भिंत, दवाखान्यात गेले तर दवाखान्याची. एकदा सलाईन लावलेल्या हाताने त्यांनी ओळंबा धरला होता, तेव्हा नर्सने त्यांना जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही.

पण ओळंब्याने फक्त हसू यायचं. माझा जीव खाल्ला तो त्यांच्या सत्ताविसाव्या अटीने.

निविदेच्या छापील अटी सव्वीस. शाळा असो, अंगणवाडी असो की नाल्यावरची मोरी, साहेब खाली स्वतःची एक जोडायचे: 'कामावरील किमान दोन गवंडी महिला असाव्यात. हजेरीपटात त्यांची नोंद मिस्त्री अशी करावी, रेजा अशी करू नये.' आमच्याकडे बांधकामावरच्या बाईला रेजा म्हणतात. घमेलं उचलते ती रेजा, विटा वाहते ती रेजा. थापी हातात धरतो तो मिस्त्री, आणि तो बाप्या असतो. एवढं साधं गणित या माणसाला कळू नये?

वरच्या कार्यालयातून फाइल परत यायची. 'सदर अट कोणत्या शासन निर्णयानुसार?' साहेब उत्तर लिहायचे, 'सदर अटीस मनाई कोणत्या शासन निर्णयानुसार?' मग फाइल पुन्हा परत, आता लाल शाईत. शेवटी अट काढून निविदा निघायची, आणि पुढच्या कामाला साहेब माझ्या टेबलापाशी हजर. "बाई, सत्तावीस टाका."

"साहेब, येनार हाय ना परत!"

"येऊ द्या. सरकार एवढं शिमीट घेते, लोहा घेते, गिट्टी घेते. घेतानी एक शब्द जास्त बोललं तं काय बिघडते?"

किती वर्षं मी ते वाक्य टाइप केलं आणि किती वर्षं खोडलं! झोपेत विचारलं असतं तरी स्वल्पविरामासकट म्हणून दाखवलं असतं.

साहेबांची निवृत्ती चार महिन्यांवर आली आणि नवल घडलं. वरूनच विचारणा आली: सरकारी कामांत महिलांना सामावून घेण्यासाठी आपल्या कार्यालयाने काय प्रयत्न केले? अख्ख्या कार्यालयात प्रयत्न करणारा वेडा एकच होता आणि त्याची फाइल विटेएवढी जाड होती. जवळच्याच एका गावात मुलींचं वसतिगृह व्हायचं होतं. त्या निविदेत सत्ताविसावी अट मंजूर झाली. साहेबांनी मंजुरीचा कागद दोनदा वाचला, घडी घातली, ओळंब्याच्या खिशात ठेवला. खिसा आणखी लोंबला.

काम सुरू झालं त्या दिवशी साहेब मला म्हणाले, "चला बाई, तुमचीबी अट हाय ते." मी गेले.

ठेकेदाराने दोन बायका नव्या कोऱ्या थाप्या देऊन पायापाशी उभ्या केल्या होत्या. एकीच्या थापीवर किमतीची चिठ्ठी तशीच. साहेबांनी ओळंबा पुढे केला. "लावा बाई." ती बिचारी प्रामाणिक निघाली. "साहेब, आमाले तं नुसतं उभं राहा म्हनलं."

ठेकेदार हात जोडून म्हणाला, "बाईमानूस मिस्त्री कुठून आनू साहेब?"

"कुठी जाऊ नको. मिस्त्री लोक जेवाले बसले का भिंत कोन बांधते, ते तुह्या रेजाइले इचार."

विटा वाहणाऱ्या बायकांत खसखस पिकली. मग दोघी पुढे आल्या, रेवता आणि शेवंता. रेवताने डोक्यावरची चुंबळ बाजूला ठेवली, ओळंबा घेतला, दोरी बोटाला गुंडाळली आणि भिंतीला अशी सोडली की वजन दोन हेलकाव्यांत थांबलं. "सरळ हाय साहेब," ती म्हणाली.

साहेबांनी भिंत बघितलीच नाही. तिच्याकडे बघत विचारलं, "कोनापाशी शिकली?"

हा त्यांचा ठरलेला प्रश्न. थापी धरलेली बाई चुकून कुठे दिसली की साहेब हेच विचारायचे, आणि आम्ही मागे हसायचो.

"मायपाशी."

"मायचं नाव काय वं?" साहेबांचा आवाज बारीक झाला होता.

"लक्ष्मी."

"बरं," साहेब म्हणाले. "बरं बरं." आणि विटांच्या ढिगावर जाऊन बसले.

मी चहाचा कप घेऊन गेले तेव्हा ते आपणहून बोलले. "अहेरीले पयली नोकरी होती. शाळेची भिंत चालू होती. सुगंधा नावाची रेजा होती. डोक्यावर घमेलं, अन् चालता चालता म्हने, साहेब, भिंत पोट काढून राह्यली. मी नवा डिप्लोमावाला. मले काई दिसे ना. ओळंबा लावला तं खरंच. भिंत पाडली, नाई तं लेकराइच्या अंगावर आली असती. रिपोर्टात मी लिवलं, मिस्त्रीच्या ध्यानात आलं."

"मग?"

"सुगंधा आठ दिवसानं आली. म्हने, मलेबी बांधता येते साहेब, माहं नाव मिस्त्रीत लिवा ना. मी म्हनलं, टेंडरात तशी अट नाई." त्यांनी चहाकडे पाहिलं. "दुसऱ्या रोजी टोळीसंगं नदीपार गेली. तिले धुंडत मी लय गावं पायली."

मला राहवलं नाही. "साहेब, म्हनजे तुमचं तिच्यावर..."

"बाई, मी भिंतीचं सांगून राह्यलो," ते म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले. इतकी वर्षं या माणसाला हसले याची मला फार लाज वाटली.

ठेकेदाराच्या मुनशीने हजेरीपट आणला. सवयीने त्याने रेवता आणि शेवंतापुढे 'रेजा' लिहिलं होतं. साहेबांनी कागद फाडला आणि नवा स्वतः लिहायला घेतला. पुढेही निवृत्तीपर्यंत रोज सकाळी तिथे जाऊन तो त्यांनीच लिहिला.

पहिल्या बिलासोबत ते सगळे कागद माझ्या टेबलावर आले. रेवता, मिस्त्री, हजर. शेवंता, मिस्त्री, हजर. खाली तिसरी ओळ होती, त्याच वळणदार अक्षरात: सुगंधा, मिस्त्री, गैरहजर. दुसऱ्या दिवशी गैरहजर. तिसऱ्या दिवशी गैरहजर. एकाही दिवशी ती ओळ सुटली नव्हती.

गैरहजर माणसाची मजुरी निघत नाही, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही. सलग गैरहजर राहणाऱ्याचं नाव पटावरून कमी करायचं असतं, एवढंच मला साहेबांना सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही.