राऊतकाकांची तीन कोटेशनं

राऊतकाका कुणाकडे चहाला गेले की कपाला हात लावण्याआधी विचारतात, "कशावर केलाय?"

नवख्या माणसाला वाटतं, साखर की गूळ असं विचारतायत. काकांना इंधन हवं असतं. सिलिंडर असेल तर कुठल्या एजन्सीचा, नंबर लावल्यावर वेळेवर आला का, घेताना वजन करून घेतला का. इंडक्शन असेल तर किती वॅटची. आम्ही या इमारतीत राहायला आलो त्याच आठवड्यात ते आमच्याकडे आले, मी चहा पुढे केला आणि हा प्रश्न आला. मी म्हटलं, "गॅसवर."

"ते झालंच," ते म्हणाले. "पण कोटेशन काढलं होतं का?"

आमची इमारत नायगाव पूर्वेला, जूचंद्रकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे, काका इथलेच, गास गावचे. घरची भाजीची वाडी भावांनी सांभाळली आणि काका एका कारखान्याच्या खरेदी खात्यात लागले ते थेट रिटायर होईपर्यंत. तिथला नियम असा, की तीन ठिकाणचे भाव मागवल्याशिवाय साधा खिळासुद्धा घ्यायचा नाही. काका रिटायर झाले, त्यांचा नियम झाला नाही. कोथिंबिरीच्या जुडीसाठीही ते तीन गाड्यांपाशी थांबतात आणि शेवटी पहिल्याच गाडीवर परत येतात.

"मग पुढच्या दोघांकडे कशाला जाता?" मी एकदा विचारलं.

"त्याशिवाय पहिला स्वस्त आहे हे कळणार कसं, सेक्रेटरीबाई?"

दुसरं कुणीच तयार नव्हतं म्हणून मी सोसायटीची सेक्रेटरी झाले. नोकरी अंधेरीच्या एका ऑफिसात, अकाउंट्सला. त्यामुळे काकांचे हिशोब तपासायला माझ्याकडे यायचे. हिशोब पक्के असत. आकड्यात चूक सापडली तर शर्टावर डाग पडावा तसे ते अस्वस्थ होत.

त्यांचं सगळ्यात मोठं दुःख विजेचं. मुंबईत त्यांची बहीण राहते. तिच्याकडून आले की दोन दिवस गप्प असत. मग जिन्यात मला गाठून म्हणत, "तिकडे वीज कंपनी बदलता येते. मोबाईलचं सिमकार्ड बदलावं तशी. बहिणीला दोन पर्याय आहेत."

"आपल्यालाही दोन आहेत की काका. आहे आणि गेली."

यावर ते हसत नसत. पर्याय हा त्यांच्या दृष्टीने चेष्टेचा विषय नव्हता.

विजेत जमलं नाही त्याची कसर त्यांनी गॅसमध्ये भरून काढली. एक एजन्सी सोडून दुसरीकडे कनेक्शन नेता येतं हे आमच्या इमारतीत प्रथम त्यांना कळलं. त्यांनी एजन्सी बदलली. थोड्याच काळात ती दुसरीही बदलली. कारण विचारलं तर म्हणायचे, रेग्युलेटर धड देत नाहीत. एजन्सीचा मेकॅनिक साबणाचं पाणी लावून तपासून जाई, फुगा येत नसे, म्हणजे गळती नसे, आणि काका त्याला पुन्हा बोलावत. शेवटी त्या मेकॅनिकने हात जोडले आणि विचारलं, "काका, तुमचं नेमकं म्हणणं काय आहे?" त्यावर काका म्हणाले, "नवा बसवून बघू."

मग गच्चीवर सोलर कुकर आला. आरशाच्या झाकणाचा पत्र्याचा डबा. सकाळी डाळ-तांदूळ लावायचे, सूर्य सरकेल तसं झाकण फिरवायचं. दुपारी ढग आले की राऊतांकडे जेवण लांबायचं. कावळ्यांना आरशात दुसरा कावळा दिसे आणि ते कुकरशी भांडत बसत. सगळी इमारत हसली. सगळ्यात जास्त हसल्या काकू.

काकूंबद्दल सांगायला हवं. उंच, सावळ्या, बोलण्यात अजून गावाकडचा हेल. "पानी घे बाय," म्हणायच्या, आणि पानी घेता घेता आपण जेवूनच उठायचो. थंडीत त्या उकडहंडी करायच्या. शेंगा, कंद, वांगी, सगळं मडक्यात घालून शिजवायचं, आणि मग इमारतीत वाट्या फिरायच्या. नवऱ्याच्या काटकसरीवर त्या जिन्यात उभ्या राहून बोलत. "लग्नात मलापन तीन ठिकाणचे भाव बघून आणलीय," म्हणत. काका मागे उभं राहून ऐकत, आणि त्यांना ते आवडत असे.

नंतर आमच्या भागात पाइप गॅस येणार अशी बातमी आली आणि काका वीस वर्षांनी तरुण झाले. सिलिंडर नाही, रेग्युलेटर नाही, नंबर लावणं नाही. ते घरोघरी फिरले. पुरेशी घरं तयार असतील तरच कंपनी इमारतीवर पाइप चढवणार होती, आणि आमचे खजिनदार पवार पहिल्या दिवसापासून विरोधात होते. "भिंतीतून गॅस फिरणार म्हणजे घराघरात बॉम्ब," असं त्यांचं म्हणणं. काका त्यांना शेजारच्या पाइप लागलेल्या इमारतीत घेऊन गेले, तिथल्या तिघांच्या घरी बसवलं, तीन चहा पाजले. पवार परत आले ते अर्धे तयार होऊन. उरलेले अर्धेही काकांनी महिन्याभरात केले.

कंपनीचा माणूस नोंदणीला आला त्या रविवारी खाली पार्किंगमध्ये टेबल टाकलं होतं. पहिलं नाव काकांचं असावं म्हणून सगळे थांबले होते. काका आले, उभ्या उभ्या म्हणाले, "तुम्ही सगळे घ्या. आमचं नको. आम्ही आता इंडक्शनवर गेलोय," आणि वर निघून गेले.

मग पवार म्हणाले, "काकांनाच नको, म्हणजे यात काहीतरी गोम आहे." त्यांनी नाव दिलं नाही. त्यांचं बघून तळमजल्यावरचे मागे सरले, मग दुसरेही. कंपनीचा माणूस अर्धवट नोंदणी घेऊन गेला. जाताना सांगून गेला, की पुढच्या रविवारपर्यंत घरं भरली नाहीत तर तो पुढच्या इमारतीकडे वळणार.

मी दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी टाकली आणि दुपारी काकांकडे गेले. राग आला होता. एवढे दिवस लोकांना पटवून ऐनवेळी अंग काढून घ्यायचं, याला काय म्हणायचं. काकांनी शांतपणे हिशोबाचा कागद पुढे केला. गॅसपेक्षा इंडक्शन स्वस्त. मी वाचत गेले आणि गोंधळले. एवढी वीज वापरली तर बिल वरच्या, जास्त दराच्या स्लॅबमध्ये जातं, ही साधी गोष्ट त्यात धरलीच नव्हती.

"काका, यात स्लॅब धरलेला नाही."

त्यांनी स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं. "माहीत आहे," ते हळू म्हणाले.

काकू चहा घेऊन आल्या. माझ्या मुलांची चौकशी केली, आत गेल्या. आम्ही चहा प्यायलो. कप अजून समोरच होते, आणि त्या पुन्हा चहाचे दोन कप घेऊन आल्या. "कधी आलीस बाय? यांनी मला हाकपन मारली नाही." काकांनी रिकामे कप सहज टीपॉयखाली सरकवले आणि भरलेला उचलला. "छान झालाय," ते म्हणाले. मीही उचलला. आत इंडक्शन शिट्टी वाजवून आपोआप बंद झाली.

"चला, तुम्हाला गच्चीवरचा कुकर दाखवतो," काका उठले. तो मी शंभरदा पाहिला होता, पण गेले.

वर ऊन होतं. कुकरवर धूळ बसली होती. काका कठड्याला टेकून बोलायला लागले तेव्हा त्यांचा आवाज हिशोब सांगतानाचाच राहिला होता.

"पहिल्यांदा झालं तेव्हा मी बँकेतून आलो, तर घरभर गॅसचा वास. बटण चालू, ज्योत नाही, खिडक्या बंद. ही तिथेच बसून गवार मोडत होती. मी म्हटलं, अगं, वास येत नाही? तर म्हणाली, कसला? मला वाटलं, रेग्युलेटर. एजन्सी बदलली. पुन्हा तसंच झालं. पुन्हा बदलली." ते थांबले. "रेग्युलेटरचाच दोष असावा असं फार वाटत होतं हो."

"आणि हा कुकर?"

"उन्हाला बटण नसतं."

पाइप गॅस आला की सगळं सुटेल असंही त्यांनी धरलं होतं. त्यासाठीच एवढी धावपळ. मग नोंदणीच्या आधी ते काकूंना डॉक्टरकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी विसरण्याच्या आजाराचं नाव सांगितलं, आणि तो वाढत जाणार हेही.

"काकूंना माहीत आहे?"

"ताकदीच्या गोळ्या आहेत म्हणून सांगितलंय. आणि गॅस परवडत नाही म्हणून इंडक्शन. ते तिला लगेच पटलं. जन्मभर मला कंजूष म्हणत आलीय, अजून थोडे दिवस म्हणू दे. आमच्या मुलीला सांगितलं तर ती उद्या स्वयंपाकाला बाई लावेल. लावायची आहेच. पण आज स्वयंपाकघर काढून घेतलं, तर ही सकाळी उठून जाईल कुठे?"

मी एवढंच म्हटलं, की मी कुणाला सांगणार नाही.

शनिवारी मी मीटिंग बोलावली. काकूही आल्या, बायकांमध्ये बसल्या. पवारांनी थेट विषय काढला. "काका, तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत आणि स्वतः बाहेर पडलात. का, ते सांगा."

काका उठले. "माझं घर दोन माणसांचं. माझ्या हिशोबात इंडक्शन स्वस्त पडते. तुमच्या घरात पाच माणसं आहेत, तुम्हाला गॅसच परवडेल."

"सेक्रेटरी मॅडम, तुम्ही अकाउंट्सवाल्या," पवार माझ्याकडे वळले. "तुम्ही बघितलाय हा हिशोब?"

काका माझ्याकडे बघत नव्हते. ते जमिनीकडे बघत होते.

"बघितलाय," मी म्हटलं. "बरोबर आहे. दोन माणसांना इंडक्शनच स्वस्त."

"मग आम्ही पन पाच मानसं असतो तर बरं झालं असतं," काकू मागून म्हणाल्या. "काटकसर करून करून या मानसाने चुलीला पन रिटायर केलं."

सगळे हसले. काकाही हसले. पवारांनी दुसऱ्या दिवशी नाव दिलं, मागे सरलेले पुन्हा पुढे आले, आणि दिवाळीच्या सुमारास इमारतीवर पिवळे पाइप चढले.

तांदळाची भाकरी इंडक्शनवर फुगत नाही. तिला ज्योत लागते. काकू त्याबद्दल कुरकुर करायला लागल्या तसे एका रविवारी काका पिठाचा डबा आणि काकूंना घेऊन माझ्या दारात आले. म्हणाले, "तुमच्या पाइप गॅसची ज्योत तपासायची आहे. भाकरी टाकून बघू." तेव्हापासून दर रविवारी ज्योत तपासली जाते. काकू भाकऱ्या थापतात, माझ्या मुलीला शिकवतात, मध्येच तिला माझ्या नावाने हाक मारतात. काका शेगडीच्या बाजूला उभे असतात, हात बटणापासून वीतभर अंतरावर. काकू म्हणतात, "बायकांमध्ये काय उभे राहता?" ते म्हणतात, "निळी आहे का पिवळी, बघतोय." शेवटची भाकरी उतरली की काकू हात धुवायला वळतात आणि काका बटण बंद करतात.

गेल्या रविवारी काकूंनी शेवटची भाकरी टोपलीत टाकली आणि स्वतःच बटण फिरवलं. "असे काय बघता? केला बंद," म्हणाल्या आणि पदराला हात पुसत हॉलमध्ये गेल्या.

काकांनी वाकून पाहिलं. बटणाला हात लावला. बंदच होतं. तरी बराच वेळ ते हात तसाच ठेवून तिथे उभे राहिले, आणि मी पाठ करून ताटं घ्यायला लागले.