अण्णांनी साफ केलेली हाळी

तुम्ही एखाद्याच्या दारात जाऊन 'नमस्कार' म्हणालात आणि आतून आवाज आला, "सूर जरा खाली लागला, पुन्हा म्हणा," तर तुम्ही काय कराल?

मी पुन्हा म्हणालो. सुदामअण्णांची आणि माझी ओळख अशी झाली.

धारूरजवळ घाटाच्या उतारावर अण्णांची रेकॉर्डिंगची खोली आहे. भिंतींना घोंगड्या ठोकलेल्या, दाराला जुनी गादी, मधे कॉम्प्युटर आणि खिडकीपलीकडे त्यांच्या वडिलांचा, म्हणजे नानांचा, मेंढवाडा. बियाण्यांच्या जाहिराती, हळदीची गाणी, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची गाणी, सगळी इथंच घडतात. गाणाऱ्याचा आवाज पडद्यावर वेड्यावाकड्या रेघेसारखा उमटतो. अण्णा माउसनं ती रेघ उचलून सुराच्या ओळीवर नेऊन ठेवतात. "वळू दावणीला बांधतोय," म्हणतात. एका पुढाऱ्याच्या मेव्हण्याचं गाणं त्यांनी इतकं सुधारलं, की ऐकून मेव्हण्यानंच विचारलं, "गायलंय कोण पण?"

दुसरा छंद सफाईचा. खोकला, श्वास, फटफटीचा आवाज, लांबचं कुत्रं, सगळं पुसायचं. काम झालं की मूळ रेकॉर्डिंगही पुसायचं. "कचरा घरात ठेवायचा न्हाई!" घरातही तेच. त्यांच्या पत्नी सुमनकाकू भाकरी थापायला लागल्या की अण्णा आतून हात जोडत. काकू म्हणत, "मग आज बिनआवाजाचं जेवा."

मी गेलो होतो घोषणा रेकॉर्ड करायला. आमच्या भागात दवाखान्याची इमारत आहे, फलक आहे, कुलूपही आहे. डॉक्टर नाही. त्यावर मी पत्रकं काढत होतो. आता जीपवर लावायला आवाज हवा होता. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा बंद, उकाड्यानं जीव चाललेला, म्हणून मी खिडकी उघडली आणि ओरडलो, "दवाखाना आहे, डॉक्टर कुठंय?" नेमक्या त्याच वेळी बाहेरून नानांनी मेंढरांना हाळी दिली, "हुर्रर्र याऽऽ याऽऽ," मग खोकला, मग काठीचे ठोके.

"कट! पुन्हा घे."

"नाही अण्णा. हे असंच राहू द्या."

"तुझ्या घोषणेत मेंढरं कशाला रे?"

"मेंढपाळ काय जनता नाही? जनतेचा आवाज मी पुसू देणार नाही."

अण्णांनी कपाळाला हात लावला. "लई तत्त्वाचा हाय गडी," असं म्हणत त्यांनी ती घाण, त्यांच्याच शब्दात, तशीच माझ्या फोनवर पाठवली.

पुढं नानांच्या गळ्यात गाठ निघाली. जवळ दाखवायला कुणी नव्हतं, म्हणून उशीर झाला. शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशनात आवाज जाणार. मेंढरं तर नानांच्या हाळीशिवाय कुणाचंच ऐकत नव्हती. संध्याकाळी ती घाटावरून परतली नाहीत तर लांडगा ठरलेला. गोळा करता येणार नसतील तर कळप विकायचा, एवढंच उरलं होतं. व्यापारी बघूनही गेला.

अण्णा म्हणाले, "कळप विकायचा न्हाई. मी हाय ना." ऑपरेशनाच्या आधी त्यांनी नानांची हाळी रेकॉर्ड केली आणि तिच्यावर जीव ओतला. खोकला काढला, काठीचे ठोके काढले, वारा काढला. शेवटी घसरणारा नानांचा सूर उचलून ताठ उभा केला. मूळ रेकॉर्डिंग, सवयीप्रमाणे, पुसून टाकलं.

नाना घरी आले त्या आठवड्यात मी भेटायला गेलो. ते बाजेवर बसलेले, गळ्याला पट्टी. इतके दिवस वाड्यातच चाऱ्यावर ठेवलेला कळप त्या दिवशी पहिल्यांदा उतारावर सोडला होता आणि दिवस कलायला आला होता. अण्णांनी मेंढवाड्याच्या खांबावर कर्णा बांधून हाळी लावली. देवळात वाजवावी इतकी सुरेल. उतारावरच्या मेंढरांनी मान वर केली, ऐकलं आणि पुन्हा चरायला लागली. अण्णांनी आवाज वाढवला. एक मेंढी उलट पलीकडं निघाली.

काकू म्हणाल्या, "त्यांना वाटलं, कुणी पाव्हणा आलाय."

अण्णा खाली बसले. "मीच पुसलं," एवढंच म्हणाले. नाना त्यांच्याकडं बघत होते. 

मला माझा फोन आठवला. कर्ण्याला जोडला. घाटभर माझा आवाज घुमला, "दवाखाना आहे, डॉक्टर कुठंय?" आणि त्यातच मिसळलेली घसरती हाळी, खोकला, काठी. सगळा कळप वळला. धूळ उडवत, धडका मारत उतार उतरला. नानांनी बाजेवर बसल्या बसल्या काठी आपटून ठेका धरला.

नंतर मी म्हणालो, "अण्णा, आता माझा आवाज काढून टाका, नुसते नाना ठेवा."

ते कधी नव्हे इतकं हळू बोलले. "न्हाई रे. तुझा काढाया गेलो, तर नानाचाबी थोडा निघंल. ऱ्हाऊ दे."

अजूनही रोज संध्याकाळी घाटात ती घोषणा होते आणि मेंढरं घरी येतात. डॉक्टर आलेला नाही. घोषणा वाजत असताना अण्णा खोलीचं दार उघडं ठेवून बसतात. खोकल्याच्या जागी मान हलवतात.

म्हणून माझी एक मागणी आहे. आज घरातल्या थकल्या माणसाला बोलतं करा आणि फोनमध्ये घ्या. पंखा चालू राहू द्या, भाकरी थापल्या जाऊ द्या, खोकला आला तर येऊ द्या. आणि ते कुणालाही साफ करायला देऊ नका.