हलक्या वाऱ्यातले नाडकर्णीकाका

मयूर विहारच्या आमच्या सोसायटीत नाडकर्णीकाका रोज सकाळी तिसऱ्या मजल्याच्या बाल्कनीतून चिमूटभर टाल्कम पावडर हवेत सोडायचे आणि ती कुठे जाते ते पाहायचे. ती बहुतेक खालच्या भाटिया आंटींच्या लोणच्यात जायची.

"अंकलजी, मेरा अचार!"

"भाभीजी, आज हवा पूरब की है. कल बच जाएगा."

आता काका मुलीकडे पुण्याला असतात. लोणचं सुरक्षित आहे, पण सकाळी करमत नाही.

सरकारी नोकरीतून निवृत्त झालेला हा इंजिनियर हँग ग्लायडिंग करायचा. म्हणजे कापडी पंखाखाली पालथं लटकून डोंगरावरून स्वतःला झोकून द्यायचं आणि वर चढणाऱ्या गरम हवेच्या जोरावर मैलोगणती जायचं. या हवेला ते 'उचल' म्हणत. माणसंही ते याच हिशोबात बसवत. उत्साही माणसात 'उचल', रडक्यात 'बुडती हवा'. मी 'स्थिर हवा'. ही स्तुती होती का, ते अजून कळलेलं नाही.

स्पर्धेत खालून जीपने पाठलाग करायचं काम मालतीकाकूंचं. काका उतरतील तिथे पोचून माणूस आणि पंख दोन्ही गाडीत घालून आणायचे. वीसेक वर्षं त्यांनी ते केलं. त्या गेल्या, आणि पुढच्या मार्चमध्ये काका माझ्या दारात उभे.

"गाडी चालवशील ना? शनिवारी हिमाचल. चलो."

त्या दिवशी वारा जवळजवळ नव्हताच. डोंगरमाथ्यावर स्पर्धक पंख बांधून ताटकळले. तरुण मंडळी वैतागली. काका मात्र खुशीत. "हलका वारा म्हाताऱ्यांचा असतो. त्याच्यासाठी दम धरावा लागतो." दुपारी समोर एका घारीने गिरकी घेत उचल पकडली आणि काका उतारावरून धावत सुटले ते थेट आकाशात.

खालून मी जीप हाकत होतो. एकेक पंख शेतात उतरत गेला. शेवटी वर दोघंच उरली, काका आणि लाल पंखाची एक मुलगी. स्पर्धा जिथे संपायची ते शेवटचं मैदान थोडंच पुढे होतं, पण दोघंही खाली येत चालली होती.

वॉकीटॉकीवर काकांचा आवाज आला, "डाव्या डोंगरापलीकडे ढग धरतोय. तिथे उचल आहे. बिल्कुल नक्की."

"मग जा ना, काका!"

लाल पंख डोंगरापलीकडे गेला. काका मात्र रस्त्याच्या कडेकडेने खाली येत राहिले आणि मैदानाच्या अलीकडे, सडकेला लागून असलेल्या एका शेतात उतरले.

मी धावत पोचलो. "काका, जिंकला असतात! का नाही गेलात?"

त्यांनी हेल्मेट काढलं. "पलीकडे पक्की सडक नाही रे."

"मग काय झालं? मी आणली असती जीप!"

"तू आणली असतीस," ते म्हणाले. "पण मालतीला डोंगरातले कच्चे रस्ते झेपत नाहीत. घाबरते ती. सडक सोडून मी कधी उडतच नाही."

बोलून झाल्यावर ते क्षणभर जीपमधल्या ड्रायव्हरच्या रिकाम्या सीटकडे बघत राहिले. मग गुडघ्यांवर बसून पंखाच्या पट्ट्या सोडू लागले. मी पंखाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसलो आणि माझ्या बाजूची पट्टी सोडायला घेतली.