डुप्लिकेटला बोलवा

‘लाठीसम्राट’ या आमच्या गेममध्ये उडीचं बटण दाबलं, की विजयसिंह सरनोबत लाठी खाली ठेवतात, पडद्याच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसतात आणि म्हणतात, ‘‘डुप्लिकेटला बोलवा.’’

गेममध्ये बिघाड नव्हता. सरनोबत हे मराठी सिनेमातले मारधाडीचे नावाजलेले नायक. हालचाली टिपायला अंगभर चकाकत्या गोळ्या चिकटवून आम्ही त्यांची मापं घेतली, चाल घेतली, मिशीवर हात फिरवणं घेतलं. त्याबरोबर त्यांची सवयही आत आली. कंपनीत पात्रांशी बोलायचं काम माझ्याकडे आहे, म्हणून मला पाठवलं.

‘‘साहेब, गुंड खोळंबलेत,’’ मी पडद्याला म्हणालो.

‘‘खोळंबू द्या. नवीन नाहीत ते.’’

‘‘एवढी उडी मारली असती तर...’’

‘‘उडीचं काम माझ्याकडे नाही. ते हिंदुरावांकडे असतं.’’

मला हे पटलं. ज्याचं काम त्यानेच करायचं असा नियम आमच्या ऑफिसातही आहे. त्यापायी माझ्या डोक्यावरचा पंखा उन्हाळाभर बंद होता.

हिंदुराव वडणगे कोल्हापूरचे, तालमीत लाठी आणि पट्टा फिरवून तयार झालेले. सरनोबतांच्या सिनेमांत जो कड्यावरून, छपरावरून, घोड्यावरून उडी घेतो, तो हिंदुराव. त्यांना आम्ही पुण्याला बोलावलं. पत्नी अनुसयाबाईंना घेऊन ते आले, मापं देऊन लगोलग परत गेले. बाई मात्र काय होतंय ते बघायला थांबल्या.

आता बटण दाबलं की सरनोबत खुर्चीवर बसत आणि हिंदुराव येऊन उडी मारत. अशी उडी, की आमच्या मॅनेजर ढवळेबाई चहा प्यायच्या विसरल्या. अडचण एकच होती. हिंदुरावांचं तोंड दिसत नव्हतं. कॅमेरा समोर नेला की ते पाठ करत. बाजूने नेला की मान वळवत. वरून बघितलं की खाली बघत.

‘‘चालेल,’’ ढवळेबाई म्हणाल्या. ‘‘तोंड कोण बघतंय?’’

‘‘मी बघतीया,’’ अनुसयाबाई म्हणाल्या. ‘‘ह्यांचे समदे शिनिमे बघितलेत मी. दर येळी पाठच. शेजारणीला सांगायची, ती पाठ आमच्यातली हाय. ती म्हणायची, कशावरनं? हितं तरी तोंड दिसू दे. दिसल्याबिगर मी उठणार न्हाई.’’

आणि त्या स्वागतकक्षातल्या कोचावर बसल्या. उठल्या नाहीत.

मी पडद्यावरच्या हिंदुरावांना विचारलं. ते पाठमोरेच बोलले.

‘‘तोंड दावायचं काम डुप्लिकेटचं न्हवं. खुर्चीवर बसतो त्याचं.’’

‘‘मग तुम्ही खुर्चीवर बसा.’’

‘‘आन् उडी? मला कुठाय डुप्लिकेट?’’

हा प्रश्न मी वर कळवला. वरून ते खऱ्या सरनोबतांच्या कानावर गेलं आणि ते स्वतः ऑफिसात आले. त्यांनी स्वतःला खुर्चीवर बसताना पाहिलं. मग बाहेर येऊन अनुसयाबाईंना कोचावर बसलेलं पाहिलं.

‘‘त्या उड्यांच्या शिट्ट्या मी घेतल्या,’’ ते म्हणाले. ‘‘आता हिंदुरावांचा डुप्लिकेट मी होणार.’’

‘‘सर, तुमचं वय...’’ ढवळेबाई म्हणाल्या.

‘‘वय माझं आहे. त्याचं काय करायचं ते मी बघतो.’’

ते कोल्हापूरला तालमीत गेले. कंपनीच्या वतीने मीही गेलो. शिकवायला खरे हिंदुराव. साहेबांना हुकूम सोडायची त्यांना सवय नव्हती, ते आधी हात जोडत आणि मग ओरडत.

‘‘साहेब, पोट आत घ्या.’’

‘‘आतच आहे, हिंदुराव. हे उरलेलं आहे.’’

सरनोबत तांबड्या मातीत पालथे पडले, उताणे पडले, एकदा तर माझ्यावर पडले. दर वेळी मिशीतली माती झटकून पुन्हा मागे जाऊन उभे राहिले. गुडघा सुजला तेव्हा मी डॉक्टरांचं नाव काढलं.

‘‘डुप्लिकेटचा शॉट आधी होतो,’’ ते म्हणाले. ‘‘डॉक्टर नंतर.’’

तिकडे पुण्यात अनुसयाबाई कोचावरच होत्या. दिवाळी आली तेव्हा कंपनीच्या मिठाईचा डबा त्यांनाही मिळाला. ढवळेबाई त्यांना रोज घरी जायचं का विचारत, त्या रोज नाही म्हणत, आणि मग दोघी मिळून चहा घेत.

एका सकाळी सरनोबतांनी लाठी टेकवली, अंग हवेत झोकलं आणि पलीकडे दोन्ही पायांवर उतरले. तालमीत कुणी शिट्टी वाजवली नाही. मला भरून आलं, ते मी लपवलं नाही. हिंदुरावांनी पुढे होऊन त्यांच्या पाठीवरची माती झटकली.

पुण्यात पुन्हा अंगभर गोळ्या चिकटवल्या. उडी मारायच्या आधी सरनोबत स्वतःच कॅमेऱ्याकडे पाठ करून उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘तोंड दिसत नाही ना? नीट बघा.’’

मग खऱ्या हिंदुरावांना बोलावलं. ते पत्नीशेजारी कोचावर टेकले आणि आम्ही अनुसयाबाईंच्या हातात रिमोट दिला. त्यांनी उडीचं बटण दाबलं.

पडद्यावरच्या हिंदुरावांनी लाठी खाली ठेवली. जरा घुटमळले. मग खुर्चीवर बसले, अगदी कडेला, आणि म्हणाले, ‘‘साहेबांना बोलवा.’’ मागे सरनोबत पाठमोरे उडाले, किंचित तिरपे उतरले, गुंडांना लोळवू लागले. तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हिंदुरावांनी मान वर केली आणि सरळ आमच्याकडे पाहिलं.

अनुसयाबाई बघत राहिल्या. पदराने डोळे पुसून पुन्हा बघत राहिल्या.

‘‘अवो, दाढी तरी करून जायाची,’’ त्या म्हणाल्या.

पडद्यावरच्या हिंदुरावांनी गालावरून हात फिरवला. कोचावरच्यांनीही फिरवला.

‘‘मला काय म्हाईत,’’ दोघंही म्हणाले, ‘‘तोंड दिसणार हाय म्हणून.’’